डाव्या पायावर

मांडीच्या मागची एक शीर काढून
भंडाऱ्याच्या डॉक्टरनं माझ्या गुडघ्यात ओवली.
हे सांगितलं तेव्हा बाबा जाळं दुरुस्त करत होता.
म्हणाला, त्यात काय, मी तं रोजच करतो.
काठाचा दोर उसवाचा, मधलं भोक भराचं.
काठ मंग थोडा ढिला राह्यते, एवढंच.

एवढंच.

सातवा महिना.
टाके बुजले, सूज गेली, जिना उतरता येतो,
पण गुडघ्याला अजून ठाऊक नाही तो कुठं आहे.
शहारे मॅडम असंच म्हणतात.
जुन्या दोरीतून म्हणे बातम्या धावत होत्या :
जमीन किती कलली, टाच कुठं, भार कोणावर.
नवी दोरी घट्ट आहे. मुकी आहे.
तिला बोलतं करायचं तर
रोज एका पायावर उभं राहायचं,
आधी फरशीवर, मग घडी घातलेल्या चवाळ्यावर,
मग डोळे मिटून.

फरशीवर मी तीस मोजले त्या दिवशी
मॅडमनं दुसऱ्या पायावर उभं केलं.
तो कधीच न दुखलेला. तोही थरथरला.
मला रागच आला. याला काय झालं?
"दोन्ही पाय एकमेकांना विचारून उभे राहतात,"
त्या म्हणाल्या, आणि वहीत
दोघांचेही आकडे लिहिले.

आई म्हणते, अंगणात नोको, घरात कर.
भिवाजीची पोर बगळी झाली म्हणतात लोक.
म्हणून मी चुलीसमोर उभी राहते,
दात घासताना, भाताचं पाणी निथळेपर्यंत.
लीलाधरचा फोन येतो :
मंडईच्या सामन्यांना येशील ना, रेडर नाही आपल्याकडे.
मी म्हणते, पाहू.
त्या मैदानाची माती मला पाठ आहे.
कोणी धरलंही नव्हतं मला.
मी फक्त वळले. पाय वळला नाही.
आवाज मात्र रेषेबाहेर बसलेल्या पोरांनीही ऐकला.

काल बाबानं डोंग्यात नेलं, बोडीतल्या शिंगाड्यांकडं.
डोंग्यात बसायचं असतं, मी उभी राहिले.
तो हलला तशी मी आवळत गेले,
दात, पोटऱ्या, पायाची बोटं.
बाबा मागं न पाहता म्हणाला,
"आकडू नोको. हलते तं हलू दे.
पान्यावर कोनी थिर राह्यते का, पोरी?"
मला वाटलं, आता काहीतरी कळणार.
तेवढ्यात मी धपकन खाली बसले,
तोडून ठेवलेल्या शिंगाड्यांवर.
काटे कुठं रुतले ते सांगत नाही.
बाबा हसला. मग मीही.

रात्री लाईट गेली.
डोळे मिटण्यापर्यंत मी अजून पोचलेच नव्हते,
म्हटलं, आता आपोआप मिटलेत तर बघू.
डावा पाय रोवला, उजवा उचलला,
आणि कळलं, इतके दिवस
समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर मला धरून होतं.
आता भिंत नाही. फक्त टाच,
टाचेखालचं सारवण, त्यातला एक खडा,
घोट्याची बारीक बारीक घाई,
आणि गुडघ्यात काहीतरी, शब्द नव्हे,
बोलण्याआधी कोणी घसा साफ करावा तसं.
पंधरा. सोळा.
सतरा.
अठरा.
उजवा पाय टेकला.

अंगणातल्या बाजेवरून,
केव्हाचा झोपलाय असं वाटलेला बाबा म्हणाला,
"एकोनीस."

मी म्हटलं, अठराच झाले.
तो काही बोलला नाही.
मी पाय बदलला.